जन्मखुणेवरील उपचार आणि अल्लाहच्या निर्मितीतील बदल



एखाद्या घरात बाळ जन्माला येते आणि त्याच्या गालावर, कपाळावर किंवा मानेवर गर्द तांबडा, सपाट डाग दिसतो. दर १००० नवजात बालकांमागे साधारण तिघांना अशी खूण असते. घरातील वडीलधारी माणसे धीर देतात, की मूल मोठे होईल तसा डाग जाईल. बालपणीचे काही लाल डाग खरोखरच आपोआप मावळतात. परंतु ज्या खुणेविषयी मी लिहीत आहे ती मावळत नाही. मुलाच्या अंगाबरोबर तीही वाढते, तांबड्याची जांभळट होते. प्रौढ वयात अनेकांची त्या जागची कातडी जाड होते, तीवर लहान गाठी येतात आणि जरासे खरचटले तरी त्यांतून रक्त वाहते. इंग्रजीत या खुणेला एका मद्याच्या रंगावरून नाव पडले आहे. आपण तिला लाल जन्मखूण म्हणू. तेवढ्याने काम भागते.

या खुणेवर आज उपचार उपलब्ध आहे. त्या यंत्राचे नाव पल्स्ड डाय लेसर. आणि उपचाराचा विषय निघाला, की अनेक घरांत दोन सूर उमटतात. एक म्हणतो, ‘अल्लाहने जसे दिले तसे राहू द्या, त्याच्या निर्मितीत बदल करणे हे सैतानाचे काम आहे.’ दुसरा म्हणतो, ‘मुलीची जात आहे, उद्या स्थळे कशी येतील? आत्ताच काय ते काढून टाका.’ पहिल्या सुरात अल्लाहचे भय आहे आणि दुसऱ्यात लेकीची काळजी आहे, म्हणून दोन्हींचा मान राखून बोलले पाहिजे. पण ज्या मुलाच्या चेहऱ्याविषयी हे बोलणे चालले आहे, त्याचा विचार या दोन्हींत फारसा नसतो. या लेखात मला तोच करावयाचा आहे.

प्रथम ते भय पाहू. सूरह अन-निसाच्या ११९ व्या आयतीत सैतानाची प्रतिज्ञा आली आहे. तो म्हणतो, की मी माणसांना बहकवीन, त्यांना खोट्या आशा दाखवीन, जनावरांचे कान चिरावयास लावीन आणि अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करावयास सांगेन. असा तिचा आशय आहे. जनावरांचे कान चिरण्याची प्रथा अरब मूर्तिपूजकांत होती. ज्या जनावराचा कान चिरला ते देवतेच्या नावाने सोडलेले, असे मानले जाई. म्हणजे या आयतीत शरीराला लागलेल्या सुरीपेक्षा त्या सुरीमागच्या श्रद्धेचा निषेध मोठा आहे. म्हणूनच इमाम तबरी (रह.) यांच्यासारख्या थोर भाष्यकाराने येथे ‘निर्मिती बदलणे’ म्हणजे अल्लाहचा दीन बदलणे, हा अर्थ अधिक योग्य मानला आहे. इतर भाष्यकारांनी शरीरातील फेरफाराचा अर्थही घेतला आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. कारण हजरत अब्दुल्लाह इब्ने मसऊद (रजि.) यांच्या सुप्रसिद्ध हदीसमध्ये गोंदवून घेणाऱ्या आणि दातांत फटी पाडून घेणाऱ्या स्त्रियांचा धिक्कार करताना हाच शब्दप्रयोग आला आहे.

मात्र त्या हदीसमध्ये आणखी एक शब्द आहे आणि आपल्या चर्चांतून तो नेमका गळून पडतो. दातांत फटी कशासाठी? ‘सौंदर्यासाठी.’ सहीह मुस्लिमचे भाष्यकार इमाम नववी (रह.) यांनी याच शब्दावर बोट ठेवून लिहिले आहे, की केवळ शोभेसाठी केलेली कृती येथे निषिद्ध आहे, दाताला उपचाराची गरज असेल किंवा त्यात काही दोष असेल, तर हरकत नाही. इमाम नववी हिजरी ६७६ मध्ये, म्हणजे इसवी सन १२७७ मध्ये वारले. तेव्हा ही सवलत आधुनिक काळाच्या दडपणाखाली कोणी शोधून काढली, असे म्हणता येत नाही.

शिवाय शरीरातील प्रत्येक बदल निषिद्ध मानला, तर शरीअतच्या कितीतरी आज्ञांचा अर्थ लागणार नाही. सुन्नत, नखे काढणे, मिशा कातरणे या गोष्टी तर फितरतचा, म्हणजे मूळ मानवी प्रकृतीचा भाग म्हणून सांगितल्या गेल्या आहेत. हजरत अरफजा इब्ने असअद (रजि.) यांचे नाक अज्ञानकाळातील कुलाबच्या लढाईत कापले गेले होते. त्यांनी चांदीचे नाक बसवून घेतले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवून घेण्यास सांगितले. सोने पुरुषाला निषिद्ध आहे, हे आपल्यातील लहान मुलालाही ठाऊक असते. चांदीच्या नाकानेही चेहऱ्याची पोकळी झाकली गेली होती. तरीही माणसांत बसता यावे, आपल्या वासाने कोणी दूर सरू नये, एवढ्या कारणासाठी एरवी निषिद्ध असलेल्या धातूची परवानगी दिली गेली.

कोणी म्हणेल, अरफजांचे नाक मुळात होते आणि ते गेले. जन्मखूण तर जन्मापासूनचीच आहे. हा आक्षेप वजनदार आहे. याचा विचार ओआयसीशी संलग्न आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने आपल्या १८ व्या अधिवेशनात केला. हे अधिवेशन २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजया येथे भरले होते. जन्मजात व्यंगे दुरुस्त करण्यास तेथे परवानगी देण्यात आली आणि उदाहरणांत दुभंगलेला ओठ, जास्तीची बोटे यांच्यासह जन्मखुणांचाही उल्लेख झाला. अट अशी, की त्या व्यंगामुळे शारीरिक किंवा परिणामकारक मानसिक त्रास होत असावा. ‘मानसिक’ हा शब्द लक्षात असू द्या. पुढे त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

आता हे यंत्र करते तरी काय, ते थोडे सविस्तर पाहू. ते समजल्याशिवाय ‘बदल’ कशात होतो आणि कशात होत नाही, हे सांगता येणार नाही.

लाल जन्मखूण म्हणजे कातडीच्या वरच्या थरांत असलेल्या, प्रमाणाबाहेर रुंदावलेल्या केशवाहिन्या. त्यांतून वाहणारे रक्त त्वचेतून दिसते. पहिले लेसर यंत्र थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये अमेरिकेत चालवून दाखविले आणि त्याच दशकात लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञांनी लेसरचा त्वचेवरील परिणाम अभ्यासण्यास आरंभ केला. पुढे या खुणांवर आर्गॉन लेसरचा निळा-हिरवा झोत वापरला जाऊ लागला. त्याने डाग फिका होई, पण उष्णता आजूबाजूच्या निरोगी त्वचेत पसरे आणि भाजल्यासारखे व्रण राहत, विशेषतः मुलांच्या कोवळ्या कातडीवर. डाग जाऊन व्रण आला, तर मिळविले काय?

यातून वाट काढली ती बोस्टनमधील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोन डॉक्टरांनी. १९८३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी जो सिद्धांत मांडला, तो आपल्या स्वयंपाकघरातील अनुभवाने समजतो. तापलेल्या तव्याला बोट निमिषभर लागले तर चटका वरवर बसतो. बोट टेकून ठेवले तर उष्णता आत उतरते. दुसरा अनुभव उन्हातला. काळे कापड तापते, शेजारचे पांढरे तितके तापत नाही. या दोन गोष्टी त्यांनी एकत्र आणल्या. रक्तातील हिमोग्लोबिन पिवळा प्रकाश विशेष शोषून घेते. तेव्हा प्रकाश पिवळा निवडावयाचा. आणि झोत इतका आखूड ठेवावयाचा, की तापलेल्या केशवाहिनीतील उष्णता भोवतालच्या त्वचेत पसरण्याआधीच तो संपलेला असेल. असा प्रकाश मिळविण्यासाठी द्रवात विरघळलेले रंगद्रव्य वापरले गेले, म्हणून नावात ‘डाय’ आणि झोत तुकड्यातुकड्याने येतो म्हणून ‘पल्स्ड’. आरंभी प्रकाशाची तरंगलांबी ५७७ नॅनोमीटर होती. पुढे थोडे अधिक खोल जाता यावे म्हणून ती ५८५ आणि ५९५ करण्यात आली. जुन्या यंत्रांतील एक झोत ०.४५ मिलिसेकंदांचा असे, म्हणजे सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातील एका भागाच्या निम्म्याहूनही कमी.

१९८९ मध्ये याच उपचाराचा ३५ मुलांवरील अनुभव ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सर्वांत लहान बाळ ३ महिन्यांचे होते. तेव्हापासून लाल जन्मखुणेवरील प्रमुख उपचार म्हणून हा मान्यता पावला आहे. पुढे झोत सुटण्याच्या क्षणभर आधी त्वचेवर थंड फवारा मारण्याची सोय झाली आणि वरच्या कातडीचे रक्षण आणखी सुधारले.

आता मला सांगा, यात निर्मिती बदलली ती कोणाची आणि किती? त्वचा तीच राहते, चेहऱ्याची घडण तीच राहते; ज्या वाहिन्या प्रमाणाबाहेर रुंदावल्या होत्या त्या मिटतात. आणि हिमोग्लोबिनने पिवळा प्रकाश शोषावा, हा गुण बोस्टनच्या डॉक्टरांनी रक्तात घातलेला नाही. तो रक्तात होताच. आजार दिला त्याने उपाय दिला आहे, उपचार करा, वार्धक्य तेवढे त्याला अपवाद आहे, अशा आशयाची प्रेषितांची (स.) शिकवण हजरत उसामा इब्ने शरीक (रजि.) यांच्या हदीसमधून आपल्यापर्यंत पोहोचली आहे. उपाय शोधणे म्हणजे निर्मात्याशी झगडा, ही समजूत त्या शिकवणीत कोठे बसते?

येथे एका दुःखद गोष्टीकडे वळणे भाग आहे. बाळाच्या अंगावर खूण दिसली, की बोट आईकडे जाते. ग्रहणात तिने सुरी हातात घेतली असेल, ग्रहण पाहिले असेल, काही चिरले असेल. महाराष्ट्रात ही समजूत खोल रुजली आहे आणि आपल्या मुस्लिम घरांतूनही ग्रहणाच्या दिवशी गरोदर सुनेला पडद्याआड निजवून ठेवले जाते. याचा दोष केवळ शेजारसंगतीला देऊन मोकळे होऊ नका. अरबी भाषेत जन्मखुणेला ‘वहमा’ म्हणतात. हा शब्द ‘वहम’पासून आला आहे आणि त्याचा अर्थ गरोदर स्त्रीचे डोहाळे. डोहाळे पुरविले गेले नाहीत म्हणून बाळाच्या अंगावर खूण उमटली, असा लोकसमज त्या भाषेच्या पोटात दडलेला आहे. म्हणजे अरबस्तान असो की आपला मुलूख, खुणेचा हिशेब आईच्याच नावावर मांडला गेला.

प्रेषितांचे (स.) बालपुत्र हजरत इब्राहीम (रजि.) हिजरी १० मध्ये मदीनेत वारले. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले, की या बाळाच्या मृत्यूमुळेच सूर्य झाकोळला. पुत्रशोकात असलेल्या पित्याने लोकांची ही भाबडी समजूत तशीच राहू दिली असती, तर त्यांच्या घराण्याचा मान वाढलाच असता. परंतु त्यांनी स्पष्ट सांगितले, की सूर्य आणि चंद्र या अल्लाहच्या खुणा आहेत, कोणाच्या मृत्यूने किंवा जन्माने त्यांना ग्रहण लागत नाही. आणि लोकांना नमाजकडे वळविले. ज्या उम्मतला हे शिकविले गेले, तिच्या घरात ग्रहणाच्या नावाने सून रडते, ही काही थोडीथोडकी गोष्ट नाही. २०१३ मध्ये संशोधकांनी दाखवून दिले, की या खुणेच्या मुळाशी ‘जीएनएक्यू’ नावाच्या जनुकातील एक बदल आहे. तो गर्भधारणेनंतर, वाढत्या गर्भाच्या एखाद्या पेशीत घडतो. तो आईकडून आलेला नसतो, बापाकडूनही नसतो. बाळंतिणीवर जो दोष तिने केलेला नाही तो लादणे याला आपल्या दीनमध्ये एक नाव आहे, बोहतान. उपचार योग्य की अयोग्य हे विचारण्यासाठी इमामाकडे येणारी मंडळी या बोहतानविषयी कधी विचारीत नाहीत.

आता सब्रविषयी. पहिल्या सुरातील माणसे म्हणतात, ‘उपचार जायज असेल, पण सब्र अधिक चांगला.’ याला आधार आहे आणि तो फार सुंदर आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी आपले शिष्य अता इब्ने अबी रबाह (रह.) यांना एक कृष्णवर्णीय स्त्री दाखवून ती जन्नतवासी असल्याचे सांगितले होते. या स्त्रीला अपस्माराचे झटके येत. ती प्रेषितांकडे (स.) आली आणि म्हणाली, की मला झटका येतो तेव्हा माझे अंग उघडे पडते, माझ्यासाठी दुआ करा. प्रेषितांनी तिच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. तिची इच्छा असेल तर तिने सब्र करावा, तिला जन्नत आहे. तिची इच्छा असेल तर तिच्या बरे होण्यासाठी ते दुआ करतील. तिने सब्र पत्करला. पण लगेच म्हणाली, की माझे अंग उघडे पडू नये एवढी दुआ करा. आणि प्रेषितांनी ती दुआ केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे.

या हदीसवरून विद्वानांनी असा निष्कर्ष काढला, की उपचार घेणे प्रत्येक वेळी बंधनकारक नाही. बरोबर आहे. पण हदीस पुन्हा एकदा वाचा. निवड कोणापुढे ठेवली गेली? ज्या शरीराला झटके येत होते, त्या शरीराच्या मालकिणीपुढे. तिचा भाऊ, पती किंवा वडील तिच्या वतीने सब्र करावयास आले नव्हते. सब्र हा ज्याच्या अंगावर संकट आहे त्याचा गुण आहे. पाळण्यातील बाळाच्या वाट्याचा सब्र आईबापांना पत्करता येत नाही. तसे करू म्हणणारा स्वतः काही सोसत नसतो, सोसण्याचा हुकूम देत असतो. पालकत्वाविषयी आपल्या फिक्हचा नियम असा आहे, की वली, म्हणजे पालक, मुलाच्या हिताचे तेच करील. त्याला मुलाच्या मालमत्तेतून उदारपणे दानधर्म करण्याचाही अधिकार नाही. मग मुलाच्या चेहऱ्यावर स्वतःची परहेजगारी सिद्ध करण्याचा अधिकार त्याला कोठून आला?

आणि त्या स्त्रीने जे मागितले त्याकडेही पाहा. आजार तिने सोसला. लोकांसमोर होणारी विटंबना मात्र तिने सोसण्याजोगी मानली नाही आणि प्रेषितांनी तिला त्याबद्दल टोकले नाही. फिक्ह अकादमीच्या ठरावातील ‘मानसिक त्रास’ हा शब्द त्यामुळे मला उपरा वाटत नाही. शाळेत ज्या मुलाला त्याच्या डागावरून नाव पाडले जाते, जे छायाचित्र काढताना मान वळविते, त्याच्या दुःखाला ‘फाजील लाड’ म्हणणारांनी ही हदीस नजरेखालून घालावी.

तेव्हा माझे मत असे आहे. चेहऱ्यावरील लाल जन्मखुणेचा उपचार हा उपचारच आहे, शृंगार नव्हे. तो जायज आहे आणि लहान मुलाच्या बाबतीत पालकांनी त्याची चौकशी करणे हे त्यांच्या कर्तव्यात येते. खूण कपाळावर किंवा पापणीवर असेल, तर ही चौकशी लांबणीवर टाकू नये. काही मुलांत अशा खुणेबरोबर मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्या आणि डोळाही बाधित असतो. त्यांना झटके येऊ शकतात, काचबिंदू होऊ शकतो. तो त्रास या लेसरने बरा होत नाही, त्यासाठी वेगळ्या तज्ज्ञांना वेळीच दाखवावे लागते. येथे ‘अल्लाहची मर्जी’ म्हणून घरी बसणे म्हणजे मुलाच्या दृष्टीशी खेळणे होय.

चौकशी केल्यावर उपचार केव्हा करावा, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडेल असे नाही. बाळाची त्वचा पातळ आणि खूण लहान असताना उपचार सुरू करावा, असे अनेक त्वचारोगतज्ज्ञ मानतात. उलट १९९८ मध्ये नेदरलँड्समधील डॉक्टरांना आपल्या अभ्यासात लवकर केलेला उपचार अधिक यशस्वी ठरल्याचे आढळले नाही. प्रत्येक झोत रबरबँड ताणून कातडीवर सोडल्यासारखा लागतो. तान्ह्या बाळाला काही क्षण धरून ठेवता येते, पण चार वर्षांच्या मुलाला पूर्ण भूल द्यावी लागू शकते. तीन वर्षांखालील मुलांना वारंवार किंवा दीर्घकाळ भूल देण्याविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सावधगिरीची सूचना दिली आहे. पाठीवर किंवा मांडीवर असलेली, काही त्रास न देणारी खूण मूल स्वतः बोलू लागेपर्यंत तशीच राहिली, तर मला त्यात गैर दिसत नाही. चेहऱ्याची गोष्ट वेगळी.

आपल्या वर्णाच्या लोकांनी आणखी एक गोष्ट जाणून घेतली पाहिजे. त्वचेतील मेलॅनिनही हा पिवळा प्रकाश शोषून घेते. त्यामुळे सावळ्या त्वचेत प्रकाशाचा काही भाग रक्तवाहिनीपर्यंत पोहोचण्याआधीच अडतो आणि वरची कातडी काळवंडण्याचा किंवा पांढुरकी पडण्याचा धोका वाढतो. म्हणून यंत्र कोणते आहे यापेक्षा सावळ्या त्वचेवर ते चालविण्याचा त्या डॉक्टरांना किती अनुभव आहे, हे आधी विचारावे. लेसरच्या अनेक जाती आहेत. केस काढण्याचा लेसर निराळा आणि हा निराळा. पार्लरच्या पाटीवर ‘लेसर’ लिहिले आहे म्हणून मूल तेथे नेऊ नये. उपचार एका बैठकीत संपत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. खूण पूर्ण नाहीशी होणे थोड्यांच्याच वाट्याला येते, बहुतेकांची फिकी होते आणि काहींची काही वर्षांनी पुन्हा गडद होऊ लागते. पहिल्याच भेटीत ‘शंभर टक्के जाईल’ असे सांगणाऱ्यापासून दूर राहिलेले बरे.

खर्चही थोडा नसतो. ऐपत नसल्याने जो पिता हा उपचार करू शकला नाही, त्याच्यावर गुनाह नाही आणि कोणी त्याला तसे सुनावूही नये. पण त्याने सावकाराचे व्याजी कर्ज मात्र काढू नये. तो जकातला पात्र असेल, तर नातेवाइकांनी जकातची रक्कम त्याच्या हाती, त्याच्या मालकीची करून द्यावी. मग तो ती उपचारावर खर्च करो. जकात फक्त धान्य आणि रमजानच्या कपड्यांसाठीच असते, ही समजूत मोडावयास हवी.

आता दुसरा सूर, लग्नाच्या काळजीचा. खरे सांगावयाचे तर मला पहिल्यापेक्षा हाच अधिक अवघड वाटतो. उपचार तोच, यंत्र तेच. पण ‘तुला त्रास होऊ नये म्हणून’ आणि ‘अशीच राहिलीस तर तुला कोण करून घेईल’ या दोन वाक्यांतून दोन वेगळी मुले घडतात. दुसरे वाक्य ऐकत वाढलेल्या मुलीचा डाग उद्या गेलाही, तरी ते वाक्य तिच्या मनातून कोणता लेसर काढणार आहे? आणि याच मनोवृत्तीतून पुढची पायरी येते. डागाच्या उपचाराला गेलेले कुटुंब सावळा रंग उजळण्याचा उपचारही विचारून येते. तेथे मात्र मी स्पष्टपणे नाही म्हणतो. जन्मखूण ही केशवाहिन्यांची विकृती आहे. सावळेपणा कशाचीही विकृती नाही. सूरह अर-रूमच्या २२ व्या आयतीत माणसांच्या भाषांची आणि वर्णांची विविधता अल्लाहच्या निशाण्यांत गणली गेली आहे. इब्ने मसऊद (रजि.) यांच्या हदीसमधील ‘सौंदर्यासाठी’ हा शब्द लागू पडत असेल, तर तो येथे.

स्थळ पाहावयास जाणाऱ्या मंडळींसाठी एक प्रसंग सांगतो. वाळवंटात राहणारे जाहिर नावाचे एक सहाबी होते. ते दिसावयास सुरेख नव्हते, हे रिवायतमध्येच नमूद आहे. ते गावाकडच्या वस्तू भेट म्हणून आणीत आणि प्रेषितांना (स.) ते फार प्रिय होते. एकदा ते बाजारात आपला माल विकीत असता प्रेषितांनी मागून येऊन त्यांना मिठी मारली. कोण आहे हे कळेना, तेव्हा जाहिर (रजि.) ‘सोडा मला’ म्हणू लागले, ओळख पटताच आपली पाठ त्यांच्या छातीशी अधिकच टेकवू लागले. प्रेषित थट्टेने विचारू लागले, की हा गुलाम कोण विकत घेईल? जाहिर म्हणाले, की मग तर मी अगदीच कमी मोलाचा ठरेन. त्यावर त्यांना उत्तर मिळाले, की अल्लाहजवळ तुझे मोल मोठे आहे. भर बाजारात, जेथे प्रत्येक वस्तूचा भाव ठरतो, तेथे एका कुरूप मानल्या गेलेल्या माणसाला जवळ घेऊन हे बोलले गेले. आपल्याकडे दिवाणखान्यात चहाच्या कपामागून मुलीच्या गालाकडे जी नजर टाकली जाते, ती या प्रसंगाशेजारी ठेवून पाहावी.

उपचार सुरू असलेल्या घरांतून येणाऱ्या काही मसाइलचाही येथे निकाल लावतो. लेसरनंतर त्या जागी एक ते दोन आठवडे काळेनिळे डाग दिसतात. ते कातडीखालचे रक्त असते, बाहेर वाहिलेले नसते. त्याने वुजू तुटत नाही. डॉक्टरांनी त्या जागी पाणी लावण्यास मनाई केली असेल, तर तेवढ्या भागावरून ओला हात फिरवावा आणि त्यानेही अपाय होत असेल तर ती जागा सोडून उरलेला चेहरा धुवावा. बधिर करणारे मलम त्वचेवर लावल्याने रोजा तुटत नाही. उन्हापासून ती जागा जपावी लागते. मुलीने ओढणी पुढे घेतली आणि मुलाने टोपी किंवा रुमाल बांधला तरी बरीच सावली होते.

शेवटचा प्रश्न मोठ्या झालेल्या मुलांचा आहे. समजा, मुलगी १६ वर्षांची झाली. पाच-सहा बैठका झाल्या, खूण निम्म्याने फिकी झाली आणि ती म्हणते, ‘आता पुरे, मला आणखी चटके नकोत, मी अशीच राहीन.’ वडील विचारतात, तिला समजवावे की तिच्यावर दबाव आणावा? डॉक्टरांकडून तिला सर्व माहिती मिळू द्यावी, पुढे खूण गडद होऊ शकते आणि गाठी येऊ शकतात हेही तिला कळू द्यावे. त्यानंतरही तिचे उत्तर तेच असेल, तर ते मान्य करावे. ती आता बालिग आहे आणि झटके येणाऱ्या त्या स्त्रीप्रमाणे तिच्यापुढेही दोन्ही गोष्टी ठेवल्या गेल्या आहेत. दोन वर्षांनी तिचे मन बदलले आणि ती पुन्हा दवाखान्यात जाऊ म्हणाली, तर तेव्हाही तिला टोमणा न मारता घेऊन जावे.